पटावरचे वय

आमची शाळा उड्डाणपुलाखाली भरते. ठाण्यात २०१६ साली तीन हात नाक्याच्या पुलाखाली सिग्नल शाळा सुरू झाली, त्यानंतर आमच्याकडेही तसाच विचार पुढे आला आणि सतरंजीवर भरणारा वर्ग हळूहळू पत्र्याच्या खोल्यांत गेला. पट वाढवला तो मात्र मुलांनीच. एक मूल टिकले की पुढच्या सिग्नलवरची त्याची भावंडे मागोमाग येतात. रात्री उशिरापर्यंत मुले गजरे विकत असल्यामुळे शाळा अकराला भरते. आल्याबरोबर आंघोळ, मग गणवेश, आणि सुटताना गणवेश पुन्हा कपाटात. हा शेवटचा नियम पालकांच्या आग्रहाखातर आहे, कारण स्वच्छ कपड्यांतल्या मुलाकडून गाडीवाले गजरा घेत नाहीत. आणि यांतलीच काही मंडळी आपल्या मुलाच्या वाढदिवसाचा केक घेऊन, न विचारता, भर तासाला वर्गात येतात.

२०२४ च्या जूनमध्ये एक आई मुलीला घेऊन आली. जन्म कधीचा, असे विचारल्यावर म्हणाली, "दुष्काळातली हाय, बाई. गुरं छावणीत हुती तवा झाली." मराठवाड्यातला तो २०१२-१३ चा दुष्काळ. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या १४ व्या कलमात स्पष्ट आहे. तरी ऑनलाइन अर्जातला जन्मतारखेचा रकाना रिकामा राहत नाही. गुरुजींच्या कृपेने निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मला आहे, त्यात मी हिची भर घातली. वय अकरा, म्हणून चौथ्या कलमानुसार थेट सहावी.

नाव लिहून झाल्यावर मी तिला विचारले, "गजरा वीसला एक, पन्नासला तीन. मी चार घेतले आणि शंभराची नोट दिली, तर?"

"तीस परत," ती क्षणात म्हणाली, "पर बाई, सिग्नल सुटतो. सहा घ्या, मंजे सुट्ट्याची कटकट नाय."

मग मी तीस लिहायला सांगितले. तिने पेन्सिल मुठीत धरली, कागदावर टेकवली आणि आईकडे पाहिले.

अशा मुलांना वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यावे, असे कायदा सांगतो, आणि ते योग्यच आहे; अकरा वर्षांच्या मुलीला पहिलीच्या बाकावर बसवले तर ती दुसऱ्या दिवशी येणार नाही. परंतु हे प्रशिक्षण देण्यासाठी वेगळा शिक्षक मिळत नाही, ते माझ्याच तासांतून काढावे लागते. पट वाढला की वरिष्ठ कार्यालय अभिनंदन करते. शिक्षक वाढवून द्या म्हटले की फाइल फिरत राहते. सहावीच्या पुस्तकातल्या नफा-तोट्याच्या धड्यात ही मुलगी तोंडी सर्वांच्या पुढे असे, मात्र उदाहरण तिला दुसऱ्याने वाचून दाखवावे लागे. जोडाक्षरांपर्यंत आम्ही पोहोचलो होतो.

दसऱ्यानंतर ते कुटुंब ऊसतोडीला गेले. पुढच्या शाळेने ऑनलाइन मागणी केल्याशिवाय विद्यार्थ्याचे नाव तिकडे जात नाही, आणि अशी मागणी कुठूनही आलेली नाही. सततची गैरहजेरी दाखवून नाव कमी करावे, असा तोंडी निरोप मला दोनदा मिळाला आहे. लेखी आदेश द्या, असे मी कळवले आहे.