शंभर रेझिस्टर मिळतात, एक जॅक मिळत नाही

घरी मॉड्युलर सिंथ, म्हणजे सुटे भाग (मॉड्यूल) केबलनं जोडून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य, बनवायचा तर सर्किट नीट कळलं पाहिजे, असं मला वाटायचं. सर्किट कळलं. अडलो तो साडेतीन मिलिमीटरच्या जॅकवर, म्हणजे केबल खुपसायच्या भोकावर.

चार मॉड्यूलचे कोरे पीसीबी (सर्किट बोर्ड) घेऊन ठेवले होते: सूर काढणारा ऑसिलेटर, आवाज कमीजास्त करणारा व्हीसीए, तो कसा चढावा-उतरावा हे ठरवणारा एन्व्हलप आणि सिग्नल एकत्र करणारा मिक्सर. चौघांच्या पार्ट्सच्या याद्या एका शीटमध्ये टाकून व्हॅल्यूप्रमाणे लावल्या, तेव्हा दिसलं की त्याच चार-पाच गोष्टी पुन्हापुन्हा येतायत. १०० केचा (किलो-ओहमचा) रेझिस्टर, १०४ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर, टीएल०७२ ही ऑपॅम्पची (सिग्नल वाढवणारी) आयसी, १एन४१४८ डायोड. १०४ मात्र ढिगानं घ्या, कारण अशा प्रत्येक आयसीला दोन लागतात, +१२ व्होल्टला एक आणि −१२ला एक. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत एका दुपारी ही सगळी खरेदी झाली. रेझिस्टर शंभराच्या पट्टीनं घ्यावेत. सुटे पाच मागितले की काउंटरवरचे काका आपण एक शेंगदाणा मागितल्यासारखे बघतात.

मग जॅक. युरोरॅकला (मॉड्युलर सिंथचं हे प्रचलित माप) उभा, मोनो, आत स्विच असलेला जॅक लागतो. केबल काढली की तो स्विच आतला ठरलेला सिग्नल जोडून देतो. आपल्याकडे काउंटरवर येतो तो हेडफोनचा आडवा स्टिरिओ जॅक, त्याचे पाय बोर्डावरच्या भोकांत बसत नाहीत. ‘पॅनेल माउंट घ्या, वायर सोल्डर करा,’ असा सल्ला मिळाला. केलं. एका मिक्सरच्या मागे शेवयांचा डबा सांडल्यासारखं दिसायला लागलं, आणि माझे जॅक होते एकूण सव्वीस. एक दिवस मोडून मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेलो. तिथे एकानं ‘सेम टू सेम’ म्हणून पुन्हा स्टिरिओच हातात ठेवला.

शेवटी इंग्लंडहून ५० जॅक आणि ९ मिमीची ३० पॉट्स (फिरवायच्या बटणांचे पार्ट) मागवली. चौथ्या दिवशी पार्सल मुंबईत. मी खूश. त्यानंतर ते तिथेच राहिलं.

कुरियर कंपनीचा मेसेज आला: केवायसी करा. आधार अपलोड केलं. रिजेक्टेड. कारण नाही. पुन्हा केलं, पुन्हा रिजेक्टेड. फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, ‘सर, २४ ते ४८ तासांत अपडेट होईल.’ हे वाक्य मी सहा वेळा ऐकलं, सहा वेगवेगळ्या आवाजांत. पाचव्या आवाजानं सहज सांगितलं की आधारवर पत्ता नाशिकचा आहे आणि पार्सल पुण्याचं. हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? पुण्याचं लाइट बिल जोडलं, दोन तासांत केवायसी पास.

वाटलं सुटलो. तर नवा प्रश्न: या ‘ऑडिओ मॉड्यूल’मध्ये ब्लूटूथ आहे का, वायफाय आहे का, तसं नसल्याचं सहीचं पत्र द्या. विक्रेत्यानं बिलावर ‘सिंथ मॉड्यूल पार्ट्स’ असं लिहिलं होतं ना! मी लिहून दिलं की हे जॅक आहेत, तीन पत्र्याचे पाय आणि एक भोक, यात बॅटरी ठेवायलाही जागा नाही. पत्र परत आलं: सही निळ्या शाईत आणि स्कॅन रंगीत हवा. माझा चौदावा दिवस तिथे संपला. म्हणून सांगतो, ऑर्डर देतानाच विक्रेत्याला कळवा की बिलावर ‘ऑडिओ सॉकेट, बॅटरी नाही, वायरलेस नाही’ असं साधं लिही. आणि ड्यूटीबरोबर कुरियर स्वतःचा हाताळणी आकार लावतो, वर त्यावर जीएसटी. तेही आधीच धरून चाला, नाहीतर दारात पाकीट चाचपडत उभं राहावं लागतं.

या रिकाम्या दिवसांत एक बरं झालं, घेतलेला माल तपासला. निळ्या अंगाच्या एक टक्का रेझिस्टरवर लाल आणि नारिंगी पट्टी ट्यूबलाइटखाली सारखीच दिसते, म्हणजे १० के आणि १०० केची अदलाबदल ठरलेली. मल्टिमीटर लावा. दहा टीएल०७२पैकी दोन चाललेच नाहीत, म्हणून आयसी थेट सोल्डर करू नका, सॉकेट वापरा. २एन३९०४ ट्रान्झिस्टर नसेल तर बीसी५४७ चालतो, पण पाय उलटे, फिरवून लावायचा. आणि पॉवर केबलची लाल पट्टी −१२ची असते. हे मी एक आयसी जाळल्यावर शिकलो.

एकोणिसाव्या दिवशी पार्सल आलं. जॅक आणि पॉट आधी बोर्डात नुसते बसवून, पॅनेल चढवून, नट आवळून मगच सोल्डर करा. उलट केलंत तर पॅनेल बसणार नाही. त्याच रात्री ऑसिलेटर वाजला. पिचची केबल हलवताना आई आतून ओरडली, ‘मिक्सर बिघडला का रे?’

उरलेले चोवीस जॅक चिवड्याच्या जुन्या डब्यात ठेवले. परवा मित्रानं दहा मागितले. चार दिले.