रेतीचा कोन विचारण्याआधी

वैनगंगेकाठच्या एका पुलाच्या कामावरून परवा आमच्या माती तपासायच्या प्रयोगशाळेत पिशवीभर रेती आली. सोबत चिठ्ठी: घर्षणकोन काढून द्या. म्हणजे रेती सरकायला किती विरोध करते, ते सांगणारा कोन. साइटवर ही रेती सैल पसरणार की रोलर फिरवून दाबणार, याचा पत्ता नाही. मला याचा खरंच राग येतो, कारण कोन त्यावरच ठरतो.

आमचा शिअर बॉक्स, म्हणजे वरून दाब देऊन नमुन्याचा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यावरून आडवा सरकवणारी पेटी, ६० मिमी चौरसाचा. कोरडी रेती नरसाळ्यातून हलकेच सोडून भरली की कोन ३० अंशांच्या आसपास येतो, तीच थर देऊन ठोकून भरली की ४० च्या घरात जातो. १०० किलोपास्कल उभ्या दाबाखाली पहिली साधारण ५८ किलोपास्कलच्या आडव्या जोराला सरकते, दुसरी ८४ पर्यंत धरून ठेवते. म्हणून मी आधी पेटीचं माप घेते, हव्या त्या घनतेला किती रेती लागेल ते काढते, तेवढीच तोलते आणि ठरल्या उंचीत बसवते. यात घाई केली की पुढचं सगळं वाया.

चाचणीत माझं लक्ष उभ्या डायल गेजवर असतं; नमुना खाली दबतो की वर उचलला जातो, ते त्याचा काटा दाखवतो. मदतीला नवीन आलेला पोरगा त्या दिवशी ओरडलाच, "ताई, काटा उलटा फिरून राहिला! वरून एवढं वजन असून रेती वर कशी येऊन राहिली?"

प्रश्न फार चांगला होता. घट्ट बसलेल्या कणांना सरकायला जागा नसते. शेजारच्या कणावर चढल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून अख्खा नमुना फुगतो. जास्तीचा जोर लागतो तो या चढणीला. आडवा जोर मोजणाऱ्या प्रूव्हिंग रिंगचा आकडा शिखर गाठतो आणि कण मोकळे झाले की उतरतो. सैल रेतीत असं शिखर दिसत नाही.

मुरमाचं दुखणं वेगळं. माती तपासणीचं भारतीय मानक आयएस २७२०, त्याच्या भाग १३ प्रमाणे या लहान पेटीत ४.७५ मिमीपर्यंतचेच कण चालतात. आपल्याकडच्या मुरमात तर लिंबाएवढे गोटे असतात. ते चाळून फेकायचे, उरलेल्या बारीक मालाची चाचणी करायची आणि अहवालावर "मुरूम" लिहायचं, हे मला पटत नाही. असा नमुना मी परत करते, ३०० मिमीची पेटी असलेल्या प्रयोगशाळेत न्या म्हणते. गाडीभाडं वाढतं, लोक कुरकुरतात. पण भराव त्या गोट्यांसकटच होणार असतो.