अॅडव्हेंटिस्ट उच्च शिक्षण, पदवीची मान्यता आणि आपली खानदेशातील मुले

नवापूर-साक्री पट्ट्यातील ख्रिस्ती कुटुंबांची मुले बारावीनंतर पुण्यातील औंधच्या स्पायसर अॅडव्हेंटिस्ट विद्यापीठाची चौकशी करतात, तेव्हा त्यांना आम्हां शिक्षकांकडून नेमकी माहिती मिळाली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. १९१५ साली कोइमतूरला सुरू झालेली ही संस्था १९४२ मध्ये पुण्यात आली.

ही संस्था सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाची आहे. या पंथाचे लोक शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा आणि उपासनेचा दिवस, पाळतात आणि त्या काळात अभ्यास व नोकरी बाजूला ठेवतात. इतरत्र शनिवारी पेपर लागला, की मुलापुढे उपासना की परीक्षा असा पेच उभा राहतो. पंथाच्या संस्थेत वेळापत्रकच शब्बाथ धरून आखलेले असल्याने तो पेच येत नाही. ज्या घरात ही श्रद्धा खरी आहे, त्या घरासाठी ही गोष्ट लहान नाही, आणि तिला हट्ट म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

पदवीच्या मान्यतेचा प्रश्न मात्र वेगळा आहे. प्रवेशाच्या दिवसांत गुणपत्रके प्लास्टिकच्या पिशवीत जपून घेऊन आलेल्या एका वडिलांनी विचारले, "सर, आठेनी डिग्री तठे चालस का?" (इथली पदवी तिकडे चालते का?) याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. पंथाची अॅडव्हेंटिस्ट अॅक्रेडिटिंग असोसिएशन ही संस्था जगभरातील अॅडव्हेंटिस्ट महाविद्यालयांचे मूल्यमापन करते, त्यामुळे अमेरिकेतील अँड्र्यूज विद्यापीठासारख्या भगिनी संस्थेत पुढे शिकू पाहणाऱ्याला तिचा आधार मिळतो. परंतु भारतातील सरकारी नोकरी, स्पर्धा परीक्षा किंवा बी.एड. यांसाठी कायद्याने मिळालेली मान्यता लागते आणि तिची जागा पंथाची मान्यता घेऊ शकत नाही. शिवाय परदेशातील अनेक विद्यापीठे पदव्युत्तर प्रवेशासाठी चार वर्षांची पदवी मागतात, म्हणून २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील चार वर्षांच्या ऑनर्स पदवीचा विचार तीन वर्षे संपल्यावर नव्हे, आरंभीच करावा.

याच धोरणातून आलेली अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे विद्यार्थ्याने अभ्यासक्रमात मिळवलेले क्रेडिट (श्रेयांक) त्याच्या नावे जमा ठेवणारी व्यवस्था, आपल्याकडे अधिक उपयोगी ठरू शकते. नंदुरबार-धुळ्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि मुलांचे शिक्षण मध्येच तुटते. अशा मुलांचे मिळवलेले क्रेडिट कमाल ७ वर्षे जमा राहू शकतात आणि पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन नंतर परत येण्याची वाट उघडी असते. ही सोय त्या व्यवस्थेत नोंदणी केलेल्या संस्थांपुरतीच आहे.

म्हणून शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: आपल्या मुलाच्या नेमक्या अभ्यासक्रमाची मान्यता, क्रेडिट बँकेतील नोंदणी, आणि ज्या विद्यापीठात पुढे जायचे आहे त्याची प्रवेशाची अट. पंथाची संस्था असली तरी ही चौकशी करण्यात श्रद्धेचा अवमान नाही.