मॅडमकडे मागितलेले पत्र

शनिवार, रात्री. कोपरी, ठाणे.

आज अखेर मॅडमना शिफारसपत्राविषयी विचारले. तीन आठवडे हा विषय मनात घोळत होता. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत पीएचडीच्या अर्जासोबत तीन शिफारसपत्रे लागतात आणि अनेक ठिकाणची मुदत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच संपते, त्यामुळे नोव्हेंबर उजाडल्यावर आणखी थांबणे शक्य नव्हते.

संकोचाला कारण होते. दोन वर्षांपूर्वी एका शिष्यवृत्तीसाठी मी एका सरांकडे पत्र मागितले, तेव्हा ते म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." मी लिहिले: कष्टाळू, वक्तशीर, मनमिळाऊ. त्यातले काहीच खोटे नव्हते, पण वर्गातल्या कोणाचेही नाव घातले असते तरी ते पत्र तसेच चालले असते. माझी निवड झाली नाही. त्या पत्रामुळेच झाली नाही असे मी म्हणणार नाही, मात्र आज ते वाचताना त्यात मी कुठेच सापडत नाही, याचे अजून वाईट वाटते.

म्हणून या वेळी ट्रान्स हार्बर लोकलने नेरूळला जाताना वाक्य नीट जुळवून ठेवले होते. "मॅडम, माझ्या कामाविषयी तुम्हाला ठामपणे लिहिता येईल का? तसे वाटत नसेल तर मोकळेपणाने सांगा." नुसते 'पत्र द्याल का' असे विचारले की नाही म्हणणे शिक्षकांना अवघड जाते आणि मग हाती येते ते कोमट पत्र. अशा पत्रापेक्षा स्पष्ट नकार बरा, असे माझे मत झाले आहे.

मी गुणपत्रिका, उद्देशपत्राचा (पीएचडी का करायची हे सांगणाऱ्या लेखाचा) मसुदा आणि मुदतींचा तक्ता पुढे केला. मॅडमनी तो चाळून बाजूला ठेवला, कपाटातून आपली जुनी वही काढली आणि म्हणाल्या, "ते पिशव्यांचे लिहू ना?"

ऐरोलीच्या खाडीकाठी तिवरांच्या मुळांजवळचा गाळ मी 24 पिशव्यांत भरून आणला होता. ओलीने 7 पिशव्यांवरचे आकडे पुसले गेले. क्रमावरून अंदाज बांधता आला असता आणि कोणाला कळलेही नसते, पण मी त्या सातही बाद केल्या, मॅडमना तसे सांगितले आणि पुढच्या ओहोटीला पुन्हा गुडघाभर चिखलात उतरले. तेव्हा त्या फक्त "बरं" म्हणाल्या होत्या. आज त्यांच्या वहीत पेन्सिलीने लिहिलेले दिसले: '7 बाद, पुन्हा आणले, स्वतःहून सांगितले.' माझे डोळे भरून आले. माझ्या मसुद्यात या प्रसंगाचा उल्लेखही नव्हता.

घरी आल्यावर अर्जात मॅडमचा कॉलेजचा ईमेल पत्ता दोनदा तपासून भरला, कारण खासगी पत्ता काही विद्यापीठांना चालत नाही. पत्र वाचण्याचा हक्क सोडता का, असाही प्रश्न होता. अमेरिकेतल्या 1974 च्या कायद्याने प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला तो हक्क आहे, पण तो सोडला की शिक्षक मोकळेपणाने लिहितात आणि निवड समितीचाही त्या पत्रावर अधिक विश्वास बसतो. मी 'होय' वर खूण केली.

पत्रात नेमकी तारीख हवी म्हणून मॅडमनी माझी त्या वेळची वही मागितली आहे. चिखलाचा डाग असलेल्या पानात खूण घालून ती पिशवीत ठेवली.