वारा सुटला की गाडी आली

आमचं घर रस्त्यापासून बरंच आत आहे, घरातून फाटक दिसत नाही, म्हणून गाडी आत वळली की घरात घंटी वाजेल असा अलार्म बसवला. आणि तो वाजायचा हो. गाडी आली की वाजायचा, नाही आली तरी वाजायचा, रात्री दोनला तर हमखास, आणि शेवटी शेवटी अशी वेळ आली की खरंच कोणी आलं तरी घरातलं कोणी जागचं हलायचं नाही.

आधी सांगतो सेन्सर कुठला, कारण प्रत्येकाचं दुखणं वेगळं असतं. पीआयआरवाला उष्णतेची हालचाल बघतो, त्यामुळे त्याला कुत्रं, मांजर, उन्हात तापून हलणारी फांदी सगळे पाहुणेच. लूपमध्ये रस्ता कापून वायरचे वेढे बसवतात, वर गाडी आली की त्या वेढ्यांचा इंडक्टन्स (म्हणजे त्यांचा चुंबकीय गुण) बदलतो आणि डिटेक्टरला कळतं, गाडी उभी राहिली तरी कळतं, पण त्यासाठी चांगला रस्ता कापायला माझा जीव होईना. मी घेतला मॅग्नेटिक प्रोब. एक नळकांडं असतं, आत बारीक तारेचे भरपूर वेढे, रस्त्याच्या कडेला पुरून टाकायचं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तिथं असतंच, गाडीचं लोखंड जवळून गेलं की ते जरासं बिघडतं आणि कॉइलमध्ये अगदी चिमूटभर व्होल्टेज तयार होतं, सेन्सरचा सर्किट बोर्ड तेच मोठं करून रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ओढतो. म्हणजे गाडी चालती पाहिजे, उभ्या गाडीचं याला काही पडलेलं नाही. कुत्र्यामांजरांचंही नाही, म्हणून तर घेतला.

वायरिंगमध्ये पहिला घोळ माझाच. रिलेला तीन टर्मिनल असतात, कॉमन, एनओ (एरवी उघडं, रिले ओढला की जोडलं जाणारं) आणि एनसी (त्याच्या उलट, एरवी जोडलेलं), मी चाइम म्हणजे घरातली घंटी एनसीवर लावली आणि पॉवर देताच घर दणाणलं, गाडी आली की मात्र दोन सेकंद शांत. उलटा अलार्म! ते पाच मिनिटांत सुटलं.

दुसरा घोळ सापडायला आठवडा गेला. बोर्ड फाटकाच्या खांबावर, बारा व्होल्टचा ॲडॉप्टर घरात, मध्ये शंभर मीटर नेटवर्कची केबल, कारण घरात पडून होती. फाटकावर एक हूटर, म्हणजे भोंगा, पण लावला होता. मल्टिमीटरवर बोर्डापाशी जवळजवळ बारा व्होल्ट दिसायचे, सगळं ठीक वाटायचं, पण एक गाडी आली की अलार्म वाजतच राहायचा. शेवटी हूटर वाजत असताना मीटर धरला तर सात व्होल्ट! त्या बारीक वायरचा रेझिस्टन्स शंभर मीटरला जाऊन-येऊन साधारण सतरा ओहम, हूटर ओढतो तीनशे मिलीअँप, म्हणजे पाच व्होल्ट वाटेतच संपले, बोर्ड बंद पडून परत चालू व्हायचा आणि चालू होताना परत रिले ओढायचा. केबलमध्ये आठ वायरी असतात, तीन प्लसला एकत्र केल्या, तीन मायनसला, उरलेली जोडी चाइमला. तेव्हापासून कुठलाही मीटर मी लोड चालू असतानाच लावतो.

आता रात्रीचं वाजणं. दादा म्हणाला बोर्ड बदल, मी बदलणारच होतो, पण आधी प्रोब सोडवला आणि मीटरवर त्याचा जेवढा ओहम आला होता तेवढ्याच ओहमचा रेझिस्टर त्याच्या जागी लावला. नुसतं मोकळं ठेवू नका, मोकळा इनपुट भलतंसलतं पकडतो. दोन रात्री एकदाही वाजलं नाही. म्हणजे बोर्ड बरा, रोग जमिनीत.

खणलं. प्रोबच्या वायरचा जॉइंट मी नुसत्या टेपने गुंडाळला होता (हो, मीच), टेप सोडली तर आत पाणी आणि तांबं हिरवंगार. जेल भरलेले कनेक्टर लावून नवा जॉइंट केला आणि पावसात वाजणं थांबलं. वाऱ्यात मात्र चालूच. फाटक लोखंडी, ते हलत असेल म्हणून साखळीने जखडलं, तरी तेच. डोकं फिरायची वेळ आली होती, आणि एका वादळी संध्याकाळी मी खड्ड्यापाशी बसून बघतोय तर झाड डोलतंय, त्याच्या मुळावर टेकलेला पाइप हळूच वरखाली होतोय आणि त्या पाइपात प्रोब सैल! पुरताना नंतर काढता यावा म्हणून मीच मोठ्या पाइपात सरकवून ठेवला होता, केवढी हुशारी. आता कॉइलला काय कळणार, लोखंड तिच्याजवळून गेलं की तीच पृथ्वीच्या क्षेत्रात हलली, व्होल्टेज दोन्हीकडून येतंच.

पाइप फेकून दिला, झाडापासून लांब नवा चर खणला, प्रोब वाळूत बसवून वरून माती धुम्मसने ठोकून घट्ट केली. टेस्टिंगला दरवेळी गाडी काढायला नको, लोखंडी फावडं घेऊन प्रोबवरून झपकन नेलं की वाजतं, दादा घरातून ओरडून सांगायचा वाजलं की नाही. सेन्सिटिव्हिटीचा नॉब आधी पूर्ण फिरवलेला होता, तो आता निम्म्यावर आणला, स्कूटर तेवढ्यावरही पकडली जाते.

भाच्याची सायकल ॲल्युमिनियमची, ती मात्र पकडत नाही. त्याला हे कळल्यापासून तो मुद्दाम सायकलवरूनच येतो आणि मागून येऊन भॉक करतो.