पकडली तर सोडायची नाही

शेजारच्या आजोबांच्या माळ्यावर खारीने वायर कुरतडली, म्हणून त्यांनी बोलावलेला माणूस पिंजरा घेऊन आला. उंदराच्या पिंजऱ्यासारखाच, थोडा लांबट. आमची लेक कुंपणाला टेकून बघत होती. तिने विचारलं, खार सापडली की कुठे नेऊन सोडणार? तो फार हळू आवाजात म्हणाला, सोडता येत नाही, तसा कायदा आहे. पुढचं त्याने लेकीला सांगितलं नाही, मला बाजूला घेऊन सांगितलं.

इंग्लंडमध्ये करडी खार पकडली की ती परत सोडणं हा गुन्हा आहे. लांबच्या रानात नेऊन सोडायची नाही, आणि पकडली त्या जागीही नाही. मारायचीच. तीही हाल न करता. पाण्यात बुडवून मारलीत तर तो आणखी वेगळा गुन्हा. घरट्यातून पडलेलं पिल्लू कुणी प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं, तरी बरं झाल्यावर त्याला मोकळं सोडायचे परवाने डिसेंबर 2019 पासून बंद आहेत. बदकीण पिल्लं घेऊन रस्ता ओलांडतेय म्हणून दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबवणारा हा देश! मी त्या रात्री जेवताना एवढंच बोलत होतो, शेवटी बायको म्हणाली, आता पुरे.

कारण अर्थातच आहे, आणि ते खोटं नाही. करडी खार मूळची अमेरिकेची. 1876 साली ब्रॉकलहर्स्ट नावाच्या एका धनिकाने चेशरमधल्या हेनबरी इथल्या आपल्या बागेत हौसेखातर ती सोडली. पुढे वोबर्नच्या ड्यूक ऑफ बेडफर्डने तर ओळखीपाळखीच्या जमीनदारांना या खारी भेट म्हणून वाटल्या. आज ब्रिटनमध्ये त्या अंदाजे 27 लाख आहेत, आणि इथली मूळची तांबडी खार तीन लाखांच्याही आत, त्यातल्या बहुतेक स्कॉटलंडमध्ये. करडी अंगाने जवळजवळ दुप्पट आणि कच्ची ओकफळंसुद्धा पचवणारी. त्यात भर म्हणजे तिच्या अंगात देवीसारख्या रोगाचा एक विषाणू असतो. तिला स्वतःला त्याचा फारसा त्रास होत नाही, पण तांबडीला लागण झाली की डोळ्यांभोवती, तोंडाभोवती फोड येतात आणि साधारण दोन आठवड्यांत ती मरते. लिव्हरपूलजवळ फॉर्म्बीच्या पाइनच्या रानात 2008 साली या साथीने बहुतेक तांबड्या खारी गेल्या. उरलेल्यांपासून संख्या पुन्हा वाढली, ते तिथल्या लोकांच्या चिकाटीचं काम.

आता इथे 'बाहेरून आलेली खार' म्हटलं की आपल्या मंडळींना एक विनोद हमखास सुचतो. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो होऊन गेला. मला तो आवडत नाही. व्हिसाच्या रांगेत उभं राहणाऱ्याने स्वतःची तुलना खारीशी करायचं काही कारण नाही, आणि फॉर्म्बीतल्या त्या फोडांची चेष्टा करण्यात तर काहीच अर्थ नाही.

पण माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. तांबडी खार म्हणजे आज टपाल तिकिटांवर आणि चहाच्या कपांवर मिरवणारी लाडकी. हीच तांबडी शंभर वर्षांपूर्वी इथल्या जमीनदारांच्या डोळ्यांत खुपत होती, कारण ती पाइनच्या झाडांची साल सोलते. 1903 साली स्कॉटलंडमध्ये हायलँड स्क्विरल क्लब निघाला, आणि पुढच्या तीसेक वर्षांत त्या क्लबने 80 हजारांहून जास्त तांबड्या खारी मारल्या. 1950च्या दशकात पाळी करडीची आली. सरकार एका शेपटीला एक शिलिंग देत होतं. शेपट्या आल्या, पैसे गेले, खारी काही कमी झाल्या नाहीत. आणली यांनी, वाटली यांनी, आणि आता खटला खारीवर.

आपल्याकडे असलं काही नाही, असं मी छाती पुढे काढून म्हणतो. आपला शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, भीमाशंकरचं अभयारण्य त्याच्यासाठी ओळखलं जातं, 1972च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. हे आजोबांना ऐकवलं. शेपटीसकट तीन फुटांची, लालसर खार फांद्यांवरून वीस वीस फूट उड्या मारते म्हटल्यावर त्यांना आधी पटेना, मग फोटो बघून ते गप्प झाले. शेकरूच्या झाडांवर आपण किती वेळा कुऱ्हाड चालवली, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही आपणहून काढलं नाही.

तर आता या गुन्हेगार बाईचं, म्हणजे करडीचं, वर्षभराचं वेळापत्रक बघा. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर ओक आहे, त्यामुळे भांडी घासता घासता सगळं दिसतं. थंडीत खार झोपून जाते असा आपल्याकडे समज असतो, तो चुकीचा. फार पाऊस-वारा असेल तर ती पाला-काटक्यांच्या गोल घरट्यात पडून राहते, पण पोटात अन्न नसताना फार दिवस काढणं तिला जमत नाही. डिसेंबर-जानेवारीत पानं झडलेल्या झाडावर एका मादीमागे चार-पाच नर लागतात आणि बुंध्याभोवती सूरपारंब्या सुरू होतात. उतरताना डोकं खाली! मागच्या पायांचे घोटे ती पार उलटे वळवते आणि नखांवर लोंबकळत सरळ खाली येते. सहा-साडेसहा आठवड्यांनी, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, आंधळी, बिनकेसाची पिल्लं. दुसरी वीण उन्हाळ्यात. एप्रिल ते जुलै हा तिचा खरा उपद्रवी काळ: बीच आणि सायकामोरच्या कोवळ्या झाडांची साल सोलून आतला रसाळ थर खाते, झाड कधी वाळतं, कधी वेडंवाकडं वाढतं. वनखात्याचा जीव त्यात अडकलेला असतो. उन्हाळ्यात तिच्या अंगावर तांबूस झाक येते आणि नवखे पाहुणे 'तांबडी दिसली' म्हणून फोटो पाठवतात.

खरी मजा सप्टेंबर-ऑक्टोबरची. ओकफळ उचलायचं, पुढच्या पंजात गरगर फिरवायचं, मान झटकायची. किडकं आहे की भरीव, वजनावरून तिला कळत असावं. किडकं असेल तर तिथेच खाऊन मोकळी. भरीव असेल तर हिरवळीवर धावत जाऊन खड्डा, नाकाने आत ढकलणं, दोन्ही पंजांनी थापटणं, वर एखादं पान. जवळपास दुसरी खार किंवा कावळा असेल तर ती नुसताच खड्डा करते, नुसतंच थापटते आणि फळ तोंडात ठेवून भलतीकडे निघते. इथल्या ओकचं फळ शरदातच मोडवतं आणि साठवण वाया जाते, म्हणून पुरण्याआधी ती पटाशीच्या दातांनी टोकाचा अंकुर बरोबर कोरून काढते. हे मी खिडकीच्या काचेला नाक लावून पाहिलं. एवढी हुशारी असलेल्या जनावराला उपद्रवी परक्या प्राण्यांच्या यादीत टाकून मारणं मला जमत नाही, कारण कितीही पटलं तरी. जिथे तांबड्या शिल्लक आहेत तिथे मारतात, ठीक. दक्षिण इंग्लंडमधल्या आमच्या रेडिंगच्या आसपास रानात आता एकही तांबडी नाही, मग इथे कुणाला वाचवायचंय?

आमच्या माळ्याच्या वळचणीतली भोकं मी ऑक्टोबरच्या अखेरीस जाड जाळीने बुजवली. दोन्ही विणींची पिल्लं तोवर बाहेर पडलेली असतात, आत कुणी कोंडून मरत नाही. आधी रात्री-दिवसा कान देऊन खात्री केली. खर्च पिंजरेवाल्यापेक्षा जास्त आला, हेही सांगून टाकतो.

आजोबांना मात्र माझा हा दयाळूपणा परवडत नाही. तुझ्या बागेतल्या खारी माझे ट्यूलिपचे कंद उकरून खातात, असं त्यांचं म्हणणं, आणि ते शंभर टक्के खरं आहे. मी डॅफोडिल सुचवले. ते विषारी असल्याने खारी त्यांच्या वाटेला जात नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि या वर्षीही ट्यूलिपच लावले, वर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी अंथरून.