येरवड्याला न्यावं लागेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. लग्नाच्या पंगतीत, एसटी स्टँडवर, भाजी घेताना कुणीतरी मला बाजूला घेतं, इकडेतिकडे बघतं आणि आवाज खाली आणून म्हणतं, "ताई, येरवड्याला न्यावं लागेल का हो?" सोलापूर जिल्ह्यात मानसिक आरोग्याचं काम करायला लागून मला सतरा वर्षं झाली. याच्याइतका कुठलाच प्रश्न मला कुणी विचारलेला नाही.

आपल्याकडे 'येरवडा' हे गावाचं नाव राहिलेलंच नाही. पोरगं ऐकत नसलं की आई म्हणते, तुला येरवड्याला धाडते. तिथे तुरुंगही आहे आणि मनोरुग्णालयही, आणि लोकांच्या मनात दोन्हींची भिंत एकच. ही समजूत काही हवेतून आलेली नाही. 1912चा कायदा होता तो 'वेड्यांचा' कायदा, आणि त्यात दाखल करण्याची वाट बहुतेकदा मॅजिस्ट्रेटच्या हुकमातून जायची. पुढचा कायदा 1987 साली झाला, तो अमलात यायला 1993 उजाडलं. राज्यात मोठी सरकारी मनोरुग्णालयं चारच: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. सोलापूरहून पुणं अडीचशे किलोमीटर. माणूस एकदा पोचवला की भेटायला जायचं म्हणजे रजा, तिकीट, मुक्काम. पहिल्या वर्षी दोनदा जायचे, दुसऱ्या वर्षी एकदा. मग पत्ता बदलायचा, घरातली बदलायची. माणूस तिथलाच व्हायचा.

म्हणजे गोष्ट आजाराइतकीच अंतराची होती. आमच्या कामाचा सगळा इतिहास मला तरी हे अंतर कमी करत आणण्याचाच वाटतो.

पहिली मोठी उडी मारली अमृतसरला, 1950च्या दशकात, डॉ. विद्या सागर यांनी. रुग्णालयाच्या आवारात त्यांनी तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णाबरोबर राहायला बोलावलं. ही युक्ती मला अजून थोर वाटते. घरच्यांनी डोळ्यांनी बघितलं की माणूस जेवतो, झोपतो, बोलायला लागतो; मग त्याला घरी न्यायची भीतीच गेली. पुढे 1970च्या दशकात बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने सकलवाडा भागात आणि चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेने हरियाणातल्या रायपूर राणीत खेड्यांत जाऊन पाहिलं, की साध्या आरोग्य केंद्रातून हे उपचार देता येतात का. येतात, असं दिसलं. 1982 साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम कागदावर आला.

कागदावरून जमिनीवर तो उतरला शेजारच्या कर्नाटकात, बळ्ळारीत. विजापूर रोडने खाली जात राहिलं की होस्पेटच्या पुढे लागतं ते. 1985च्या सुमाराला निम्हान्सने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना थोडक्या दिवसांचं शिक्षण दिलं, आरोग्य कर्मचाऱ्यांना लक्षणं ओळखायला शिकवलं आणि नेमकी, मोजकी औषधं केंद्रात ठेवली. 1996 साली सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम याच नमुन्यावर बेतलेला आहे. सुरुवातीला देशातले चारच जिल्हे होते. आपल्यापर्यंत पोचायला त्यानंतरही बराच काळ गेला.

मध्ये एक तारीख आहे, ती आमच्या कामातला कुणी विसरत नाही. 6 ऑगस्ट 2001, तमिळनाडूतलं एरवाडी. तिथल्या मनोरुग्णांच्या एका निवाऱ्याला आग लागली आणि 28 माणसं गेली. पळता आलं नाही, कारण साखळदंडांनी बांधलेली होती.

एरवाडी लांब आहे असं म्हणू नका. मी नोकरीला लागले त्या वर्षी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घरी गेले होते. एक खोली, दारात अक्का सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसलेली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं शेजारी. आत तिचा धाकटा भाऊ, पायात साखळी. मी साखळीकडे बघतेय हे तिच्या लक्षात आलं. म्हणाली, "मोरीपर्यंत पुरती हाय ताई, मोजून घेतलीय." खरंच, बाजेपासून मोरीपर्यंत बरोब्बर. क्रूरपणा शोधायला गेले तर मला तिथे हिशेब सापडला. तो दोनदा रुळांवर सापडला होता, आणि ती कामाला बसली की त्याच्याकडे बघायला दुसरं कुणी नव्हतं. गाणगापूर झालं होतं, उतारे झाले होते. आपल्या गावात मराठीत वेड, तेलुगूत पिच्ची, कन्नडात हुच्चु. तीन भाषांत शब्द आहेत, पण 'हा आजार आहे' हे वाक्य तिला एकाही भाषेत कुणी सांगितलेलं नव्हतं.

गोळ्या सुरू झाल्या, पुढे महिन्याला एक इंजेक्शन. साखळी निघायला चार महिने लागले. आधी रात्रीची राहिली, मग तीही सुटली. अक्का गोळ्या बिड्यांसारख्याच मोजायची, पंचवीसचा कट्टा धरून. "एक कट्टा आन् वर पाच," म्हणजे महिना.

आता 2017चा मानसिक आरोग्याचा कायदा आहे, मे 2018पासून लागू. साखळीने बांधण्याला त्यात सरळ बंदी आहे, आणि सरकारी सेवेतून उपचार मिळणं हा हक्क आहे. छानच आहे. पण एका केंद्रावर सलग दोन महिने गोळीच आली नव्हती, तेव्हा कायद्याचं पुस्तक मी कुणाच्या हातात देणार होते? अक्काला दुसरीकडून गोळी आणायची म्हणजे हजार बिड्यांचा दिवस बुडायचा. भाऊ पुन्हा बडबडायला लागला. तेव्हा तो आम्ही सावरला, पण दर वेळी सावरेलच असं नाही. निम्हान्सच्या 2015-16च्या राष्ट्रीय पाहणीत, वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या 70 ते 92 टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं होतं. लोक म्हणतात अंधश्रद्धा. असेल. पण मी बघितलेली बरीचशी माणसं देवऋषापायी नाही, बसच्या वेळेपायी आणि रिकाम्या कपाटापायी तुटली.

तर, येरवड्याला न्यावं लागेल का? बहुतेकांना नाही. काहींना थोडे दिवस दाखल व्हावं लागतं, तेही आधी आपल्या सिव्हिलला विचारा. महिन्याची गोळी चुकली नाही तर एवढं लांब जायची वेळ सहसा येत नाही. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 फिरवा. फुकट आहे, मराठीतही बोलतात.

आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आमची टीम कोणत्या वारी येते ते आधी फोन करून विचारा, वार बदलतात. येताना जुन्या चिठ्ठ्या आणा, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणा, फेकू नका. आणि पेशंटबरोबर गावातला पुढारी नको, त्याच्याजवळ रात्री जो झोपतो तो माणूस पाठवा.